मेल्याचं सोंग घेणारा मासा: लिव्हिंगस्टोनी पहिल्यांदा पाळणाऱ्यांसाठी

मी ऑफिसात होतो आणि आईचा फोन. "अरे, तुझा तो धब्ब्याधब्ब्याचा मोठा मासा गेला रे. कुशीवर पडलाय वाळूत, मगापासून बघतेय, हलत नाहीये." मी म्हटलं आई हात लावू नको, मी आलो की बघतो. पण आमच्या आईला घरात मेलेलं काही ठेवणं जमत नाही, त्यात त्या दिवशी संकष्टी. तिने पुऱ्या तळायचा झारा आणला, स्टूलवर चढली, झारा पाण्यात घातला आणि "मेलेला" मासा असा काही उसळला की तांब्याभर पाणी तिच्या अंगावर, झारा टँकच्या तळाशी आणि शेजारच्या काकू धावत आमच्या दारात. संध्याकाळी घरी आलो तर मासा मजेत फिरत होता आणि आई माझ्याशी बोलत नव्हती.

तेव्हापासून त्याचं नाव सोंगाड्या. आणि काचेवर एक कागद चिकटवलाय, "मेलेला नाही. झारा घालू नये."

हा मासा म्हणजे निंबोक्रोमिस लिव्हिंगस्टोनी, दुकानात नुसतं लिव्हिंगस्टोनी म्हणतात. मेल्याचं सोंग हीच ह्याची शिकार करायची पद्धत आहे, आजार नाही. हे आधी डोक्यात बसलं तर टँक केवढा, खाली काय टाकायचं, सोबत कोण ठेवायचं, हे सगळे प्रश्न आपोआप सुटत जातात. आणि नाही बसलं तर मग माझ्यासारखं दोनदा सगळं उलथंपालथं करावं लागतं. म्हणून यादी हातात घेऊन दुकानात पळायच्या आधी पाच मिनिटं हा मासा मूळचा राहतो कसा ते वाचा.

पायरी १: आधी त्याचं गाव समजून घ्या

लिव्हिंगस्टोनी हा सिक्लिड नावाच्या माशांच्या मोठ्या कुळातला. सिक्लिड म्हटलं की आपल्याला काहीतरी परदेशी वाटतं, पण गोव्यात-सिंधुदुर्गात तव्यावर येणारा काळुंदर हा सिक्लिडच, आणि उजनीची चिलापी पण त्याच खानदानातली. आपला लिव्हिंगस्टोनी आहे आफ्रिकेतल्या मालावी तलावातला. तलाव म्हणायचा फक्त, लांबी साधारण ५८० किलोमीटर, म्हणजे मुंबईहून गाडीने पणजीला जाल जवळपास तेवढा लांब, आणि खोली सर्वात खोल जागी ७०० मीटर. मालावी, मोझांबिक आणि टांझानिया असे तीन देश त्याच्या काठावर आहेत, टांझानियावाले त्याला न्यासा म्हणतात. शेकडो जातींचे सिक्लिड ह्या एकाच पाण्यात तयार झालेत आणि त्यातले बहुतेक जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. लिव्हिंगस्टोनी ह्या तलावात, खाली मालोंबे तलावात आणि शिरे नदीच्या वरच्या भागात सापडतो.

आता ह्या तलावात खडकाळ काठ आहे तिथे एम्बुना म्हणजे ते निळे-पिवळे छोटे भांडकुदळ मासे गर्दी करून राहतात. आपला गडी तिकडचा नाही. हा उथळ पाण्यातल्या वाळूचा आणि व्हॅलिसनेरियाच्या पट्ट्यांचा मासा, लांब रिबनसारखी पानं असलेलं गवत असतं ना ते. एकटा फिरतो. एम्बुनासारखा कायम एक दगड धरून बसत नाही, जागा अडवतो ती फक्त नर अंडी घालायच्या वेळी. बाकी वेळ दिवसभर वाळूवरून हळू हळू पोहत जागा बघत हिंडायचं.

मग एक जागा पसंत पडली की खाली जातो, वाळूवर पोट टेकतो आणि सरळ कुशीवर कलंडतो. कधी अर्धवट वाळूत. अंगावर पांढरट-रुपेरी रंगात तपकिरी मोठे मोठे धब्बे, कडा वेड्यावाकड्या, त्यामुळे सडायला लागलेल्या माशासारखाच दिसतो. आजूबाजूला छोटे सिक्लिड असतातच, त्यांना फुकटचं मिळालं तर हवंच असतं, एखादा पुढे येतो, बघतो, जवळ येऊन टोचतो. आणि त्या क्षणी हा तोंड आडवंच झटकतो आणि मासा आत. उठतो, दोन हात पुढे जातो, परत पडतो.

केनेथ मॅके नावाच्या संशोधकाने मालावी तलावात ह्यांना बघून १९८१ मध्ये ह्यावर शास्त्रीय लेख लिहिला. पण तिथल्या लोकांना हे आधीपासून माहीत असणारच, कारण त्यांच्या भाषेत ह्याचं नाव कलिंगोनो, म्हणजे झोपाळू. मला स्वतःला झोपाळूपेक्षा बगळा जास्त पटतो. तळ्याकाठी एका पायावर ध्यान लावून उभा असतो ना, तेच हे, फक्त आडवं.

ह्याच्या भावकीत प्रत्येकाची वेगळी तऱ्हा आहे. निंबोक्रोमिस लिन्नी हा खडकाच्या फटीवर हनुवटी टेकवून बसतो आणि आतून बारीक पिल्लू डोकावलं की पुढे निघणाऱ्या तोंडाने ओढून घेतो. पॉलिस्टिग्मा टोळीने पण शिकार करतो. आणि मेल्याचं सोंग ही फक्त मालावीची मक्तेदारी नाही, मध्य अमेरिकेतल्या एका सिक्लिडमध्ये पण हे बघितलं गेलंय.

पायरी २: जमणार आहे का ते खरं खरं ठरवा

दुकानात हा दोन-तीन इंचाचा मिळतो आणि फार गोड दिसतो. पूर्ण वाढ २५ सेंटिमीटर, म्हणजे दहा इंच, म्हणजे ताटातला मोठा बांगडा पण ह्याच्यापुढे काही नाही. नीट सांभाळला तर सात-आठ वर्षं सहज, दहाच्या आसपास पण जातो. तुम्ही आत्ता कॉलेजात असाल तर हा तुमच्या लग्नात असेल.

मग टँक. दोन फुटी, अडीच फुटी विसरा. तीन फुटीत पिल्लू असताना वर्षभर काढता येतं पण लोक "नंतर मोठा घेऊ" म्हणतात आणि तो नंतर काही येत नाही, म्हणून मी सांगतो आधीच पाच बाय दोन बाय दोन फुटाचा घ्या किंवा घेऊच नका. कडक वाटेल, पण कुशीवर पडायला आणि पडल्यावर लांबून दुसऱ्या माशाला "बघायला यायला" जागा लागते. उंची जास्त असून उपयोग नाही, तळाचा पसारा महत्त्वाचा.

हिशोब करा. पाच बाय दोन बाय दोन म्हणजे काठोकाठ ५६६ लिटर, वापरात ५०० धरा. ५०० किलो पाणी, वर वाळू, दगड, काच, लोखंडी स्टँड, सगळं मिळून पाऊण टनाकडे जातं. फ्लॅटमध्ये असाल तर खोलीच्या मधोमध ठेवू नका, भिंतीला लागून, शक्यतो बीमच्या वर, आणि बिल्डिंग जुनी असेल तर एखाद्या जाणकार इंजिनियरला विचारा, लाजू नका. काच १२ एमएम, वरून आडव्या पट्ट्या मारून घ्या. स्टँड आणि काच ह्यांच्यामध्ये थर्माकोलची शीट, नाहीतर एका बारीक खड्यावर अख्खी काच तडकते. झाकण पाहिजेच, उडी मारतो.

पायरी ३: तळ आणि दगड

इथे मी सगळ्यात मोठी चूक केली होती. पहिल्यांदा रंगीत खडी टाकलेली, निळी. दिसायला काय भारी दिसत होतं. मासा महिनाभर एकदाही पडला नाही, एका कोपऱ्यात फिल्टरच्या पाइपामागे उभा असायचा. खडी काढून वाळू टाकली आणि चौथ्या दिवशी गडी कुशीवर! धारदार खडीवर अंग टाकायला कुणाला आवडेल, आपण तरी झोपू का.

वाळू बारीक हवी. स्विमिंग पूलच्या फिल्टरची सिलिका वाळू मिळते ती सगळ्यात सोपी. बांधकामाची वाळू घेतली तर मैद्याच्या चाळणीने नाही, जरा मोठ्या भोकाच्या चाळणीने चाळा आणि मग धुवा, धुवा, धुवा. बादलीत हात घालून ढवळायचं, गढूळ पाणी ओतायचं, परत. दहा-बारा पाणी लागतात. दोन इंचाचा थर पुरतो, पाच फुटीला साधारण ७०-७५ किलो लागेल, कमरेला जपा.

दगड आधी, वाळू नंतर. हा क्रम उलटा करू नका. सिक्लिड वाळू उकरतात, दगड वाळूवर ठेवलेला असला की खालून पोकळ होतो आणि एका रात्री काचेवर जातो. आपला काळा पाषाण मस्त, पाण्यात काही सोडत नाही, घासून उकळतं पाणी ओतून घेतलं की झालं. पण गड-किल्ले रचू नका. एका बाजूला थोडे दगड, दुसऱ्या बाजूला व्हॅलिसनेरियाची झुडपं आणि मध्ये मोकळं मैदान, किमान तीन फूट. हे गवत जड म्हणजे क्षार जास्त असलेल्या पाण्यात पण तग धरतं आणि आपल्याकडे स्वस्त मिळतं. मुळांशी छोटे दगड लावा नाहीतर सकाळी सगळं वर तरंगताना दिसेल.

पायरी ४: पाणी

बाहेरच्या व्हिडिओत बघून लोक पोतंभर क्षार आणतात. थांबा. मालावीचं पाणी तुम्ही समजता तेवढं जड नाहीये, मध्यम आहे, पण अल्कधर्मी आहे, पीएच साधारण ७.७ ते ८.६ च्या मध्ये आणि स्थिर. हे स्थिर महत्त्वाचं. पीएच ८.० असेल आणि रोज ८.० च असेल तर मासा खूष, आज साडेसात उद्या साडेआठ केलं तर मरेल.

आता तुम्ही कुठे राहता त्यावर सगळं आहे. मी संभाजीनगरला, बोअरचं पाणी, गीझरच्या कॉइलवर पांढरा थर जमतो असलं. बादलीला जो पांढरा थर येतो म्हणून आपण शिव्या देतो तोच इथे कामाला येतो, मला पाण्यात काहीही घालावं लागत नाही. मराठवाड्यात, नगर-सोलापूर भागात बोअर असलेल्यांनी फक्त एकदा टेस्ट किटने बघा आणि गप्प बसा. मुंबईवाल्यांची गोष्ट वेगळी, भातसा-तानसा-वैतरणाचं पाणी मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं, त्यात पीएच धरून राहत नाही. तिथे फिल्टरमध्ये जाळीच्या पिशवीत कुटलेलं कोरल किंवा धुतलेले शिंपले ठेवा, आणि पाणी बदलताना खायचा सोडा, १०० लिटर नव्या पाण्याला एक छोटा सपाट चमचा. ह्याने केएच, म्हणजे पाण्याची पीएच धरून ठेवायची ताकद, दीड-दोन अंशांनी वाढतो. बादलीत विरघळवून घाला, थेट टँकमध्ये नाही. आरओचं पाणी तर अजिबात नको, त्यात काहीच नसतं.

महापालिकेचं पाणी असेल तर क्लोरीन उडवावं लागतं, ड्रममध्ये एअरस्टोन (एअरपंपाच्या नळीला लावायचा बुडबुड्यांचा दगड) सोडून एक दिवस ठेवा किंवा अँटी-क्लोरीनचे थेंब. टँकरचं पाणी आलं तर दरवेळी टेस्ट करा कारण आज ह्या विहिरीचं, उद्या त्या.

तापमान २४ ते २८. आपल्याकडे अडचण थंडीची कमी आणि एप्रिल-मेची जास्त. आमच्याकडे मे महिन्यात टँक ३२-३३ ला जातो, मग झाकण काढून जाळी लावतो, पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडतो, तीन-चार अंश उतरतात. पाणी गरम झालं की त्यातला ऑक्सिजन कमी होतो, म्हणून उन्हाळ्यात एअरपंप दुप्पट आणि खाणं निम्मं. थंडीत ३०० वॉटचा हीटर.

पायरी ५: फिल्टर, आणि मासा न आणता थांबणं

हे कंटाळवाणं आहे पण इथेच नवीन लोकांचे मासे मरतात. माशाच्या लघवी-विष्ठेतून अमोनिया होतो, तो विषारी. फिल्टरमध्ये जिवाणू वसतात, ते त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे जिवाणू नायट्रेट करतात, ते बरंच कमी त्रासाचं आणि पाणी बदललं की जातं. हे जिवाणू वसायला चार ते सहा आठवडे. दह्याला विरजण लागतं तसं, ओळखीच्या कुणाच्या चालू टँकमधला जुना स्पंज पिळून तुमच्या फिल्टरमध्ये टाकला तर लवकर लागतं. रोज चिमूटभर माशांचं खाणं टाकत राहा, टेस्ट किटने बघत राहा, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की मासा आणा. "आधी चार गप्पी सोडून बघू मरतात का" हे करू नका यार, त्यांनाही जीव आहे.

मांसाहारी मोठा मासा घाण खूप करतो, म्हणून फिल्टर दांडगा, तासाला टँकचं पाणी पाच-सहा वेळा फिरवणारा. मोठा कॅनिस्टर, म्हणजे टँकबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर, किंवा खाली सम्प, म्हणजे टँकखालची फिल्टरची वेगळी टाकी. टँकच्या आत लटकवायचा छोटा फिल्टर ह्याला पुरत नाही.

आणि लाइट. वीज गेली की फिल्टर बंद, हवा बंद. बॅटरीचा एअरपंप घेऊनच ठेवा, इन्व्हर्टर असेल तर त्यावर एक पॉइंट काढा. कॅनिस्टर तीन-चार तासांपेक्षा जास्त बंद राहिला तर आतलं पाणी कुजतं, लाइट आल्या आल्या तसाच चालू करू नका, उघडून टँकच्याच पाण्याने मीडिया (आतले स्पंज वगैरे, जिवाणू राहतात ते) विसळा मग लावा. गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे रात्री अकराला गेलेली वीज सकाळी सातला आली, मी तेवढा वेळ मगाने पाणी काढून उंचावरून परत ओतत होतो. हात मोडले पण एकही गेला नाही.

पायरी ६: मासा निवडणं

"आफ्रिकन मिक्स" असं लिहिलेल्या टँकमधून घेताना सावध. मला पहिला लिव्हिंगस्टोनी म्हणून जो एका दुकानदाराने दिला तो निघाला व्हिनस्टस, त्याचाच चुलत भाऊ. पिल्लं सारखीच दिसतात. ढोबळ ओळख अशी की व्हिनस्टसचे धब्बे जिराफासारखे जरा नीट वेगवेगळे असतात आणि अंगावर पिवळी झाक लवकर दिसायला लागते, लिव्हिंगस्टोनीचा मूळ रंग पांढरट आणि धब्बे सांडलेल्या कॉफीसारखे कसेही. तरी खात्री नसेल तर सोडून द्या.

पोट खपाटीला गेलेला, कल्ले भरभर हलवणारा, पंख अंगाला चिकटवून बसलेला घेऊ नका. दुकानदाराला समोर खायला टाकायला सांगा, जो धावत येतो तो आपला. चार-पाच पिल्लं घ्या, मोठी होताना नर-मादी कळतात, मग एक नर आणि दोन-तीन माद्या ठेवून बाकीचे परत द्या. नर वयात आला की डोकं आणि अंग निळसर होतं, धब्बे पुसट होतात. लोक घाबरतात की रंग उडाला, आजार झाला. नाही, मिसरूड फुटलंय.

घरी आणल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा, मग थोडं थोडं टँकचं पाणी पिशवीत, अर्धा-पाऊण तास, मग मासा जाळीने आत आणि पिशवीतलं पाणी मोरीत. दिवे बंद. त्या रात्री खायला नाही.

पायरी ७: सोबती

नियम एकच, तोंडात मावतं ते अन्न. आणि ह्याचं तोंड दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं उघडतं. गप्पी, मॉली, टेट्रा, छोटे एम्बुना सगळं पोटात. माझ्याकडे एका मित्राने "राहू दे थोडे दिवस" म्हणून सहा निऑन टेट्रा सोडले होते, सकाळी मोजले तर एक, आणि तो एक पण चहा होईपर्यंत.

त्याच्याएवढे, पण फार माजोरडे नसलेले मालावीतलेच मोठे सिक्लिड बरे, बोर्ली, कॉम्प्रेसिसेप्स, टेनिओलेटस वगैरे, आणि तळाला सायनोडॉन्टिस मांगूर-छाप मासे. व्हिनस्टस सोबत नको, संकर होतो आणि मग ना धड हा ना तो. ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, पॅरट ही वेगळ्या पाण्याची मंडळी, "मोठा मासा आहे ना मग चालतं" असं नसतं.

पायरी ८: खाणं

तलावात मासे खातो म्हणून घरात जिवंत गप्पी टाकायचे, हा सगळ्यात वाईट सल्ला आहे आणि सगळ्यात जास्त दिला जातो. दुकानातले फीडर मासे, म्हणजे खायला घालायला म्हणून विकतात ते, आजार घेऊन येतात. चांगल्या ब्रँडचे सिक्लिड पेलेट (तयार खाण्याच्या गोळ्या) हे रोजचं जेवण, आठवड्यातून दोनदा सोललेल्या ताज्या कोळंबीचे तुकडे, मीठ न लावलेली, आणि स्वच्छ कुंडीतलं गांडूळ मिळालं तर पर्वणी. चिकन, मटण, कलेजी बंद. जनावराची चरबी ह्यांना पचत नाही, पोट फुगतं.

मोठ्याला दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल इतकंच. आमच्याकडे मासे गुरुवारी उपास करतात, आईबरोबर. फरक इतकाच की ते साबुदाणा खात नाहीत.

पायरी ९: सोंग की आजारपण

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न. मासा आडवा पडलाय, काय करू? सगळ्यात आधी काहीच करू नका. खुर्ची घ्या, काचेपासून चार-पाच फुटांवर बसा, लाइट डोळ्यावर मारू नका. आणि बघा.

सोंग असेल तर कल्ले अगदी हळू, एका लयीत हलत असतात. धब्बे गडद. आणि डोळा. वरच्या बाजूचा डोळा बघा, तो फिरत असतो. सोंगाड्या पडलेला असताना मी एकदा खूप वेळ बसलो होतो. एक टेनिओलेटसचं पिल्लू, दीड इंचाचं, माझ्याच टँकमध्ये जन्मून दगडांत वाचलेलं, गवतातून बाहेर आलं. आलं, थांबलं, मागे गेलं, परत आलं. ह्याचं अंग ढिम्म, शेपटीचं टोक सुद्धा नाही, फक्त डोळा त्या पिल्लाबरोबर इंच इंच सरकत होता. पिल्लू शेपटीपाशी गेलं तेव्हा काही नाही. पंखापाशी आलं तेव्हा काही नाही. तोंडाच्या पुढे आलं आणि मला दिसलं ते फक्त उडालेली वाळू. वाळू खाली बसली तेव्हा गडी सरळ उभा होता आणि कल्ल्यातून वाळूचे कण बाहेर टाकत होता.

तुम्ही उठून जवळ गेलात की सोंगवाला मासा लगेच उठून खायला मागायला येतो. पेलेट टाकलं की तर नक्कीच. आजारी मासा येत नाही. त्याचे कल्ले भरभर चालतात, तोल जातो, गडगडल्यासारखा होतो किंवा वर तरंगतो, पोट फुगलेलं, विष्ठा पांढरी दोऱ्यासारखी, दोन दिवस खाणं तोंडात घेऊन थुंकतोय. असं दिसलं तर खाणं बंद, अमोनिया-नायट्राइट तपासा, त्याच दिवशी अर्धं पाणी बदला, आणि ओळखीच्या मत्स्य-डॉक्टरला किंवा अनुभवी माणसाला व्हिडिओ पाठवा. दुकानातून निळं-पिवळं औषध आणून अंदाजाने ओतू नका.

उलट तक्रार पण येते, "माझा पडतच नाही हो." मग तो पोटभर जेवतोय. ज्याला ताटात मिळतं तो सोंग कशाला करेल. टँकमध्ये हे वागणं कमी दिसतं, कधी आठवड्यातून एकदा, कधी महिनाभर नाही. ते बघायला म्हणून माशाला उपाशी ठेवू नका किंवा पिल्लं विकत आणून सोडू नका.

पायरी १०: दर आठवड्याचं काम आणि पिल्लं

रविवारी ३०-४० टक्के पाणी बदला, नवं पाणी जुन्याच्याच तापमानाचं. आमच्याकडे नळाला रोज पाणी नसतं त्यामुळे दीडशे-दोनशे लिटर मोरीत सोडणं जिवावर येतं, म्हणून मी पाइप थेट गच्चीतल्या कुंड्यांना लावलाय, मोगरा असा फुललाय की आईचा राग तिथेच अर्धा गेला. वाळूला सायफन आत खुपसू नका, अर्धा इंच वरून फिरवा, वरची घाण तेवढी जाते. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुवायचा नाही, काढलेल्या टँकच्या पाण्यात पिळायचा, नाहीतर विरजण गेलं.

एखाद्या दिवशी मादी खायला येईनाशी होते आणि तिचा जबडा खालून फुगलेला दिसतो. घाबरू नका, तोंडात अंडी आहेत. नर सपाट जागी नाचतो, मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलते, नराच्या खालच्या पंखावर अंड्यांसारखे ठिपके असतात तिथे ती टोचायला जाते आणि तेव्हाच अंडी फळतात. मग साधारण तीन आठवडे ती ते सगळं तोंडात घेऊन फिरते, जेवत नाही. शंभराच्या आसपास पिल्लं निघू शकतात. दोन-अडीच आठवड्यांनी तिला हळूच वेगळ्या छोट्या टँकमध्ये न्या, तिथे ती सोडेल. सोडल्यावर पण काही दिवस धोका वाटला की पिल्लांना परत तोंडात घेते. जो हावरट एका झटक्यात मासा गिळतो त्याच जातीची आई शंभर पिल्लं तीन आठवडे तोंडात धरून एकही गिळत नाही, हे मी तीनदा बघितलंय तरी दरवेळी खुर्ची घेऊन बसतो.

आणि ही शंभर पिल्लं जाणार कुठे ते आधी ठरवा. सगळी ठेवता येणार नाहीत, दुकानदार वीस-पंचवीस घेतो, बाकी हौशी लोकांना वाटायची. नदीत, धरणात, देवळाच्या तळ्यात सोडायची नाहीत, एकसुद्धा नाही. चिलापी पण १९५२ च्या सुमारास बाहेरूनच भारतात आणलेली, आज कोणत्याही धरणावर जाऊन कोळ्याला विचारा जाळ्यात काय येतं. कुणीच घेत नसेल तर पुढच्या वेळी मादी वेगळी न करता मोठ्या टँकमध्येच राहू द्या, बहुतेक पिल्लं तिथे मोठे मासेच संपवतात, आणि चुकून एखादं दगडात वाचलंच तर सोंगाड्या वाळूवर पडलेला असतोच.